दाखला

पाळकसाहेब मिरजेला, लेकीच्या बाळंतपणात अडकलेले,
म्हणून या रविवारी वाचन माझ्याकडे.
मी निवृत्त कंपाउंडर. मला बाटल्यांवरची लेबलं वाचायची सवय,
अर्थ सांगायची नाही.

सावळजच्या आमच्या पत्र्याच्या मंदिरात
चौदा बायका, सात-आठ पोरं, पुढच्या बाकावर शामुवेल लोंढे,
आणि दाराशी चपलांशेजारी विरळणीच्या कात्र्या.
इथून उठून थेट गाडीत बसायचं असतं.
द्राक्षांना रविवार नसतो.

मी म्हणालो, आजचा दाखला द्राक्षमळ्याचा.
दाखला म्हटल्याबरोबर मागे सतरंजीवर
सुवार्ताने मान खाली घातली.
तिचा तहसीलमध्ये पडून आहे, तीन उन्हाळे.
साहेब विचारतात, नाव सुवार्ता, मग जात कशी?
गावात नळावर विचारतात,
जात आहेच, मग नाव सुवार्ता कशाला?

मी वाचत गेलो.
मालक पहाटे निघतो, नाक्यावर माणसं ठरवतो,
दिवसाला एक नाणं.
पुन्हा नवाला जातो, बाराला, तीनला.
दिवस बुडायला तास उरतो तेव्हा परत जातो,
तर काहीजण उभेच.
तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे?

'थांबा,' मार्थाबाई म्हणाल्या.
मंदिरात मधे कुणी बोलत नाही. मार्थाबाई तर कुठेच नाही.
'रिकामे?
कंपाउंडरबाबा, तासगावच्या स्टँडाम्होरं
येकदा उभं ऱ्हाऊन बघा. त्यापरीस खुरपणं सोपं.
पायाला मुंग्या, डब्यातली भाकरी कडक,
आन् छोटा हत्ती आला की मुकादम वरनंच बोट दावतो.
तू. तू. ती पल्याडची.
म्हातारी नको. पोटुशी नको.
कुठल्या गल्लीतली? मग तू बी नको,
मळ्यातल्या हौदावर पाणी प्यायचं असतंय.'

मी बोट ओळीवर ठेवून थांबलो.
उत्तर तिथेच होतं, बोटाखाली:
आम्हाला कुणी लावलंच नाही.
चाळीस वर्षं ऐकलेली ओळ,
आणि दरवेळी मी तिच्यावरून तसाच पुढे गेलेलो,
जसा स्टँडावरून जातो.

पुढचं सगळ्यांना पाठ. सांजेला हिशेब,
शेवटी आलेल्याला आधी, आणि पुरता.
पहाटेचे कुरकुरतात.
माझे वडील सांगायचे, कृपा मोजून मिळत नसते.
पाळकसाहेबही तेच सांगतात.
मार्थाबाई मात्र मोजत होत्या,
जीएच्या पाण्याने सालं निघालेल्या बोटांवर:
गड्याला पाचशे, बाईला तीनशे,
त्याच ओळीत, त्याच वेलीखाली.
'म्हंजे त्या मालकाला पोट ठावं हुतं,' त्या म्हणाल्या.
'उशिरा लावलं म्हणून
पोट काय अर्ध्या दिवसाचं नसतंय.'

कुणी आमेन म्हटलं नाही.
शामुवेलने घड्याळ बघितलं.
त्याची दीड एकर बाग आहे, कर्जाची नाही, कष्टाची.
गेल्या हंगामात त्यानेही बायकांना तीनशेच दिले.
हिशेबाची वही मी लिहिली होती.
अक्षर माझं चांगलं आहे.

प्रभुभोजन आज नव्हतं. पाळक नसले की पेला कपाटात.
त्यातला रस इथल्याच मळ्यांतला,
परदेशातून परत आलेल्या मालाचा.
फवारणीचा अंश जास्त निघाला, त्यांना चालला नाही.
आम्हाला चालतो.
शामुवेलच्या ओठांनंतर सुवार्ताचे, मग माझे.
या गावात असा फिरणारा पेला
तेवढा एकच,
आणि तोही महिन्यातून एकदा, कुलपातून काढून.

बाहेर हॉर्न वाजला.
बायकांनी कात्र्या उचलल्या, पदर खोचले.
मार्थाबाई उंबऱ्यातून वळल्या:
'त्या मालकाचं गाव कंचं म्हणालात?'

मी चष्मा पुसला.
लेबल शोधावं तसं पान मागे-पुढे केलं.
सुवार्ता तोवर गाडीत चढली होती.
गाव लिहिलेलं नव्हतं.